जुनी पद्मिनी घरी आणताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे 1987 ची प्रीमियर पद्मिनी आहे. काकांची होती, गावाकडे पत्र्याच्या शेडमध्ये आठ वर्षं उभी होती, वर कडब्याच्या पेंढ्या आणि आत कोंबडीची अंडी. टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली आणि रस्त्यावर यायला तिला तीन वर्षं लागली. मी मेकॅनिक नाही, नोकरी खुर्चीतली आहे, हात काळे होतात ते फक्त रविवारी. पण पेट्रोल पंपावर, सिग्नलला, लग्नाच्या मांडवाबाहेर माणसं थांबवून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

ही फियाट आहे की पद्मिनी?

दोन्ही. मूळ गाडी इटलीची फियाट 1100 डी, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात 1964 पासून बनायला लागली, म्हणजे वालचंद हिराचंदांची कंपनी. 1974 ला नाव पद्मिनी झालं, पण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना अजूनही ती फियाटच. त्याच्याही आधीची जी गोलमटोल यायची ती डुक्कर फियाट, ती वेगळी, तिचे पार्ट हिला बसतील असं कुणी सांगितलं तर आधी जुना पार्ट हातात घेऊन शेजारी ठेवून बघा. इंजिन 1089 सीसी, चार सिलेंडर, बोअर 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर. मागची चाकं ओढतात, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, आणि हँडब्रेक डॅशबोर्डखाली छत्रीच्या मुठीसारखा. शेवटी शेवटी खाली फ्लोअर गिअर असलेली पण आली होती, आणि डिझेल पण. मी जे लिहितोय ते पेट्रोल, दांड्याच्या गिअरवालीबद्दल.

बघायला गेलो तर काय बघू?

इंजिन शेवटी बघा. खरं सांगतो. इंजिन बांधून मिळतं, बॉडी सडलेली असेल तर ती परत मिळत नाही. एक स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन जा, मॅट उचला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा, दाराच्या खालच्या कडा, जॅक लावायची जागा, आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला अडकतात ती जागा. मालकाला विचारून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक करायचं, टणटण वाजलं तर पत्रा, भद्द वाजलं तर आत पुट्टी. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला मॅटखाली कुणीतरी डांबर आणि वर्तमानपत्र चिकटवून भोक बुजवलं होतं आणि मी ते काढलं तेव्हा खालची फरशी दिसली. शेडमधली.

कोकणातली गाडी असेल तर दुप्पट बारकाईनं बघा, खारी हवा आणि तो पाऊस. देशावरची कोरड्या हवेतली गाडी पाच-दहा हजार जास्त देऊन घेतली तरी स्वस्त पडते.

पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवून बघा, किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि बुश गेले असतील तर खडखड कळते. ते बदलता येतं, पण भाव पाडायला कामाला येतं.

कागदपत्रांचं काय? पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी बाद ना?

नाही हो. हे दिल्लीचं ऐकून सगळे घाबरलेत, पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांची बंदी तिकडची. आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं, मग आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायचं. फॉर्म 25 भरायचा, पर्यावरण कर भरायचा, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू पाहिजे, आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यायचा. तो ठसा नीट उठावा म्हणून आदल्या दिवशीच नंबरावरचं ग्रीस आणि रंग साफ करून ठेवा, मी उन्हात दीड तास रॉकेल आणि फडकं घेऊन बसलो होतो आणि मागे रांग.

फी पूर्वी 600 होती, एप्रिल 2022 पासून 5000 झाली आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या कारला 10000 केली. उशीर केला तर दंड महिन्यागणिक चढतो, म्हणून आठ-दहा वर्षं मुदत संपून पडलेली गाडी घेताना आधी हा हिशोब करा. गाडी फुकट आणि दंड गाडीपेक्षा मोठा असं झालेलं बघितलंय.

अजून एक, 1989 च्या आधीचे एमएच नसलेले तीन अक्षरी नंबर बऱ्याचदा ऑनलाइन दिसतच नाहीत, जुन्या रजिस्टरवरून नोंद चढवून घ्यावी लागते. हे पैसे देण्याआधी करा. मूळ आरसी बुक नसेल आणि मालक वारला असेल आणि वारस चौघं चार गावांना असतील तर नमस्कार करून घरी या.

पन्नास वर्षांवरची गाडी असेल आणि मूळ रूपातच असेल तर 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदता येते, दहा वर्षांची मुदत मिळते, नंबरात व्हीए येतं. पण मग ती रोज वापरायला चालत नाही. सुरुवातीच्या पद्मिन्या आता तिथे पोचल्यात.

आठ वर्षं उभी आहे, बॅटरी लावून स्टार्टर मारू का?

अजिबात नको. हाच मोह सगळ्यांना होतो, मित्र जमलेले असतात, कुणीतरी व्हिडिओ काढत असतो. आधी प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. मग प्लग न लावता इंजिन हातानं फिरवा, टॉप गिअरमध्ये टाकून गाडी ढकलली तरी फिरतं. अडलं तर जोर करू नका, परत ऑइल, परत वाट बघा. माझं चौथ्या दिवशी सुटलं.

मग जुनं ऑइल काढा, नवीन 20डब्ल्यू-40 भरा. टाकीतलं पेट्रोल काढा, त्याला वार्निशसारखा वास येत असेल तर टाकीच खाली उतरवा. माझ्या टाकीतून गंजाचा अर्धा वाडगा निघाला, आत मूठभर खडी टाकून हलवली, धुतली, वाळवली. टाकीला वेल्डिंग मात्र कुणालाही करू देऊ नका, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते. पहिल्यांदा चालू करताना टाकी जोडूच नका, एका बाटलीतून पंपाला नळी द्या. आणि वायरिंग हातानं चाचपून बघा, उंदरांनी सोललेली तार स्टार्टर मारल्यावरच कळते आणि तेव्हा धूर आलेला असतो.

आधी रंग करू की इंजिन?

या प्रश्नासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग चमकली पाहिजे. ब्रेक, इंजिन-गिअर-वायरिंग, रंग. हा क्रम मोडला की पैसे दोनदा जातात.

मी मोडला. पहिल्याच दिवाळीला गाडी दिसायला तरी छान दिसू दे म्हणून क्रीम रंग मारून घेतला, गॅरेजचं नाव घेत नाही, काम वाईट नव्हतं. सहा महिन्यांनी मागच्या पाट्याची जागा सडलेली निघाली, वेल्डिंग करावंच लागलं, आणि आतून गॅसची ज्योत लागली तशी बाहेरच्या नव्या रंगाला फोड यायला लागले, पापडाला येतात तसे. मी तिथेच उभा होतो. वेल्डर म्हणाला, साहेब रंग नंतर करायचा असतो. बरं.

ब्रेकचं काम घरी करता येतं का?

येतं, आणि करावं, कारण त्याच निमित्तानं गाडी कळते. चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत. उभ्या गाडीत व्हील सिलेंडर जाम होतातच. रबराचे वॉशर सगळे बदला, आतून सिलेंडरला खड्डे पडले असतील तर सिलेंडरच बदला, रबर बदलून भागत नाही. रबरी होज तीन असोत की चार, दिसायला चांगले असले तरी फेका. आतून फुगून ते पेडल सोडल्यावरही ब्रेक पकडून ठेवतात आणि आपण शूज घासत बसतो.

एअर, म्हणजे ब्रेकच्या पाइपात अडकलेली हवा, काढायला दुसरा माणूस लागतो. माझ्याकडे नववीतली लेक आहे. मास्टर सिलेंडर म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलतो तो, त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायचं, म्हणजे मागचं डावं. मी गाडीखाली, चाकामागच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. दाब. दाब. दाबून धर. मी निपल सैल करतो, बुडबुडे येतात, आवळतो. सोड. पहिल्या दिवशी तिनं मी आवळायच्या आधीच सोडलं आणि हवा परत आत, सगळं पहिल्यापासून, आणि मी ओरडलो तर ती म्हणाली बाबा तुम्ही नीट सांगितलंच नाही. सांगितलं नव्हतं. मास्टर सिलेंडरच्या वाटीत ऑइल भरत राहा, तळ दिसला की मेहनत पाण्यात. आणि हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उतरतो, लगेच पाण्यानं धुवा.

नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. घोडी, म्हणजे गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड, लावायची, दोन घोड्या, शिवाय काढलेली चाकंही गाडीखाली सरकवून ठेवायची. याच्यात हसण्यासारखं काही नाही.

धूर मारते. इंजिन बांधावं लागेल का?

रंग बघा. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कार्ब्युरेटर किंवा चोक अडकलेला, एअर फिल्टर तुंबलेला. पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेट. निळा म्हणजे ऑइल जळतंय, तेव्हा कॉम्प्रेशन तपासून घ्या. चारी सिलेंडर जवळपास सारखे पाहिजेत. एखादा कमी आला की त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

हिचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. गाडी एकदा जोरात तापली की हेड वाकतं, म्हणून हेड उघडलंच तर सपाट आहे का ते मशीन शॉपला दाखवल्याशिवाय परत बसवू नका. बोअरिंग-होनिंगला, म्हणजे सिलेंडर आतून कोरून गुळगुळीत करायला, कोल्हापूरकरांना लांब जायला नको, उद्यमनगरात मापं डोळ्यांनी सांगणारी माणसं बसलीत. तरी मायक्रोमीटरनं मोजून घ्या आणि पिस्टन आधी आणा, मग बोअर करायला सांगा. वीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) बोअर करून ठेवलं आणि वीसचा पिस्टन बाजारात नाही अशी गंमत करू नका. क्रँकचं पण तसंच, बेअरिंग हातात आल्यावरच ग्राइंड.

बांधल्यावर पहिले हजार किलोमीटर जपून चालवा, एकाच स्पीडला ताणू नका, 500 ला ऑइल बदला.

घाटात चढताना बंद पडते, थंड झाली की चालू होते.

व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनवरच बसलेला असतो, तापला की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. आपल्या काकालोकांचा उपाय अजूनही चालतो, ओला फडका पंपावर ठेवायचा, बाजूला बसून चहा प्यायचा. माझ्या डिकीत एक फडका आणि पाण्याची बाटली कायम असते, पन्हाळ्याला जाताना दोनदा कामाला आली.

पण रोज होत असेल तर मूळ शोधा. रेडिएटर खोलून रॉडिंग करून घ्या, म्हणजे आत सळई फिरवून सफाई, नळ्यांमध्ये चुना साठतो, कारण वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलेलं असतं. आता कूलंट घाला, ॲल्युमिनियमचं हेड साध्या पाण्यानं आतून खाल्लं जातं. आणि थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला प्रत्येक मिस्त्री देतो, माझं मत विरुद्ध आहे, तो नसला की इंजिन नीट तापतच नाही, सकाळी चोक ओढून ओढून चालवावी लागते आणि पेट्रोल ढोसते.

पेट्रोलचा ठणठणाट नाही, पंप गार आहे, तरी बंद पडते? मग इग्निशनचा कंडेन्सर. वीस मिनिटांनी गरम होऊन मरतो, गार झाला की जिवंत. डिकीत एक जास्तीचा ठेवा, खिशात मावतो.

आता मिळणाऱ्या ई20 पेट्रोलनं खराब होईल का?

जुनं रबर खराब होईल. वीस टक्के इथेनॉल म्हटल्यावर जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅसकेटं फुगतात नाहीतर तडकतात. इथेनॉलला चालणारी नळी मागून घ्या आणि सगळीकडची बदला, पेट्रोल गळून गरम मॅनिफोल्डवर पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, त्यामुळे गाडी ओढायला मंद वाटली तर कार्ब्युरेटरमधला जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) किंचित मोठा करून बघावा लागतो. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून टाकी भरून गाडी चार महिने उभी ठेवू नका. एकतर फिरवा, नाहीतर रिकामी करा.

काय काय अपग्रेड करण्यासारखं आहे?

जे दिसत नाही ते. डायनॅमो असेल तर अल्टरनेटर बसवा, डायनॅमो आयडलला करंटच देत नाही आणि रात्री सिग्नलला हेडलाइट मेणबत्ती होते. हेडलाइटला रिले बसवा, जुन्या वायरिंगमधून सगळा करंट स्विचपर्यंत जाऊन येतो, त्यात निम्मा उजेड मरतो. दोन रिले आणि एक दुपार, एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. पॉइंटच्या (स्पार्कसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलंच, पण जुने पॉइंट डिकीत ठेवा, ते रस्त्यावर नेलकटरमधल्या कानशीनं पण साफ होतात आणि मॉड्यूल गेलं की गेलं. सीट बेल्ट लावून घ्या, नट-बोल्ट नुसत्या पत्र्यात नको, मागे जाड पट्टी द्या. मास्टर सिलेंडरमधून एकच पाइप चारी चाकांना जात असेल तर दोन सर्किटचा बसवण्याचा विचार करा, कारण एक नळी फुटली की पेडल जमिनीला टेकतं.

एसी? चाळीस घोड्यांपैकी चार-पाच एसीला दिले तर घाटात उतरून ढकलायचं कोण. दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकणं हा वेगळाच खेळ, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आधी आरटीओची परवानगी लागते, शिवाय त्या इंजिनाला शोभतील असे ब्रेक लागतात, आणि मग ती पद्मिनी राहते का हे तुमचं तुम्ही ठरवा. रंग वेगळा केलात तरी आरसीत नोंद करून घ्या.

पार्ट मिळतात का अजून?

यांत्रिक मिळतात, कारण मुंबईत ही गाडी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावत होती. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023 ला ती पण बंद. तेव्हापासून दुकानदार मागच्या खोलीतून डबा काढताना भाव आधी सांगतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्यात जुन्या बाजारात फिरा, पुण्याचा बुधवार-रविवार असतो. जुना पार्ट बरोबर न्या, फोटो चालत नाही.

खरी अडचण दिसणाऱ्या पार्टची. क्रोमच्या पट्ट्या, दाराच्या मुठी, मागच्या लाइटच्या काचा, मीटरची काच, दारांचं रबर. म्हणून एक सोनं सांगतो, स्क्रॅपची दुसरी गाडी स्वस्तात मिळाली तर पार्टसाठी घ्या, ठेवायला जागा असेल तर. घरच्यांना एकदम सांगू नका. आणि गाडी खोलताना एकही स्क्रू फेकू नका, श्रीखंडाच्या डब्यांवर मार्करनं नाव लिहून ठेवा, "डा. दार आतलं" असं. मी लिहिलं नव्हतं आणि शेवटी दोन मुठी भरून बोल्ट उरले.

पीयूसी पास होते का?

होते. भारत स्टेजच्या (धुराच्या नव्या नियमांच्या) आधीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे, नीट ट्यून केलेली पद्मिनी आरामात आत बसते. गाडी चांगली गरम करून न्या आणि चोक पूर्ण आत आहे ना बघा.

मिस्त्री कसा शोधायचा?

पन्नाशीच्या पुढचा. लॅपटॉप लावल्याशिवाय आजार सांगू न शकणारा नको. पहिल्या भेटीत काम देऊ नका, नुसती गाडी चालू करून दाखवा आणि बघा तो काय करतो. आमचे मिस्त्री बोनेट उघडायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडावर तळहात धरून उभे राहिले, अर्धा मिनिट, मग म्हणाले तीन नंबर मारत नाही. प्लगची वायर सैल होती, तीन नंबरचीच. पैसे एकदम देऊ नका, कामाच्या टप्प्याला द्या, आणि शनिवारी चक्कर टाकत राहा नाहीतर तुमची गाडी कोपऱ्यात जाते आणि तिच्यावर दुसऱ्याचा बंपर वाळत घालतात.

एकूण खर्च किती आला?

गाडी घरचीच, तिचे शून्य. मग इंजिन, पत्रा, दोनदा रंग, वायरिंग, टायर, सीट, आरटीओ मिळून पावणेतीन लाखापर्यंत मी वही लिहिली. नंतर वही लिहायची सोडली. तुमचा आकडा बॉडीवर ठरतो, माझ्या आकड्यावर जाऊ नका. जे बजेट मनात आहे त्यातला एक तृतीयांश बाजूला ठेवून सुरुवात करा, तो लागतोच. इन्शुरन्सला पाच वर्षांवरच्या आणि बंद झालेल्या मॉडेलची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, म्हणून कामाच्या पावत्या आणि आधी-नंतरचे फोटो जपून ठेवा, बोलताना हातात काहीतरी पाहिजे.

रोज चालवता?

रविवारी, आणि आठवड्यातून एकदा भाजी आणायला. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकतो, नाहीतर करकर करून सगळी मंडई वळून बघते. पार्किंगवाल्या मुलाच्या हातात किल्ली देत नाही, त्याला दांड्याचा गिअर सापडत नाही आणि तो हँडब्रेक समजून बोनेटचं हँडल ओढतो.

विकणार का?

काका मागच्या महिन्यात बघायला आले होते. एकशेवीस फेऱ्या मारतील असं वाटलं, तर नुसते ड्रायव्हर सीटवर बसले, चोक ओढला, अर्धा आत केला, परत ओढला, आणि म्हणाले हा आधीपासून इथे अडकतो, तू दुरुस्त नाही केलास. नाही केला. पुढच्या रविवारी केबल काढायचीय.